बाभळीच्या ढलपीचा ओटा

निजामाच्या राज्यात, जालन्याच्या शाळेत मी हिशेब शिकवायला लागलो, तेव्हा शेजारच्या वर्गावर ‘नज्जारी’ अशी पाटी होती. नज्जारी म्हणजे सुतारकाम. पण त्या वर्गातून करवतीचा आवाज काही येत नसे. एक महिना गेला, दुसरा लागला, तरी सगळं शांत. शेवटी न राहवून मी डोकावलो. पोरं जमिनीवर उकिडवी बसून फळ्यांवर कागदाचे तुकडे मांडत होती, उचलत होती, फिरवून पुन्हा मांडत होती. मास्तर हात मागे बांधून त्यांच्यामधून फिरत होते. उंच, जरासे वाकलेले, डोक्यावर काळी टोपी आणि कोटाच्या वरच्या खिशात घडीची फूटपट्टी.

“काय चाललंय, मास्तर?”

“छकडा बनवून राह्यलोत.”

“कुठंय?”

“दिवाळीनंतर या,” ते म्हणाले आणि एका पोराचा कागद चिमटीत धरून जरासा तिरका केला.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सागवान दिसेनासं झालं होतं. शाळेला वर्षाकाठी ज्या काही फळ्या मिळत, त्यांत अख्खा वर्ग भागवायचा. म्हणून मास्तर मोठं काही बनवतच नसत. छकडा, मोट, रेल्वेचं फाटक, सगळं हातात मावेल एवढं, पण मापात. प्रत्येक वस्तूचे सुटे भाग आधी कागदात कापायचे, ते फळीवर मांडून पाहायचे. लाकडाचे रेषे ज्या अंगानं धावतात त्या अंगानं लांब भाग, गाठ आली तर तिला वळसा, आणि दोन भागांच्या मधे करवतीसाठी जागा. ही शेवटची गोष्ट पोरं हमखास विसरत. मग मास्तर सगळे कागद एका हातानं गोळा करत आणि म्हणत, “करवत बी जेवती, बाबा. तिचा घास आधी काढून ठेवायचा.” करवतीचा घास हा शब्द मी दुसऱ्या कुठल्या सुताराच्या तोंडून ऐकलेला नाही. तो त्यांचाच असावा. पोरं त्यांना पाठीमागे ‘घासमास्तर’ म्हणायची आणि ते मास्तरांना ठाऊक होतं.

हा घास त्यांनी नुसता लाकडात ठेवला असता तर बरं झालं असतं. स्टेशनवर जायचं तर गाडीच्या आधी घास, म्हणून तासभर आधी फलाटावर. लग्नात आचाऱ्याजवळ जाऊन विचारायचे की बुंदी झाऱ्याला चिकटून किती वाया जाते, ती धरली का. एकदा मी म्हणालो, मास्तर, तुम्ही झोपतानाही घास सोडत असाल. ते गंभीरपणे म्हणाले, “सोडतो ना. पडल्या पडल्या कुठं झोप लागती?”

कापलेल्या कडेवरून कापणारा ओळखणं ही त्यांची दुसरी खोड. सुट्या तुकड्यांचा ढीग समोर असला की एक उचलायचे, उजेडात धरायचे आणि म्हणायचे, “हा भोकरदनच्या पोराचा. शेवटाला घाई करतो, म्हणून कोपरा चिरतो.” आम्ही मास्तर लोकांनी मुद्दाम त्यांची परीक्षा घेतली होती. एकदाही चुकले नाहीत. रंधा कोणाचा, तासायचा वाकस कोणाचा, धार लावलेली होती की नव्हती, सगळं सांगायचे.

माझ्या सदऱ्याच्या कापडाची गोष्ट तर मी आजही सांगतो. चांगलं पट्ट्यापट्ट्यांचं कापड मिळालं होतं, ते घेऊन मी शिंप्याकडे निघालो. मास्तर वाटेत भेटले आणि बरोबर आले. शिंपी मुसलमान, म्हातारा, कामात पक्का. त्यानं खडूनं बाह्या आखल्या, तेवढ्यात मास्तर खाली बसले, खिशातून जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे काढले आणि कापडावर मांडायला लागले. अशी बाही घेतली तर इथं कापड उरतं, तशी घेतली तर तिथं. शिंप्यानं बराच वेळ सोसलं. मग कैची त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, “मास्तरसाब, अब तुमीच सीके देव. मैं मदरसे में पढाने कू जातूं.”

त्या कापडात सदरा होऊन एक बंडीही निघाली, हे खरं. पण त्या शिंप्यानं माझं कापड पुन्हा कधी हातात घेतलं नाही. मला कपडे शिवायला पार पलीकडच्या गल्लीत जावं लागायचं. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. “बंडी निघाली ना?” एवढंच ते म्हणत राहिले.

अशा माणसाची बायको त्याच्याजवळ राहत नव्हती, याचं कोणाला नवल वाटत नसे. ती घनसावंगीला भावाकडे होती. भांडण झालं नव्हतं. सणाला मास्तर लुगडं पाठवायचे, तिकडून लोणचं यायचं. माझं गाव घनसावंगीच्या पुढे गंगेकाठी, म्हणजे गोदावरीकाठी, त्यामुळे लुगडं नेणारा आणि लोणचं आणणारा मीच होतो. शुक्रवारच्या जुम्याला जोडून सुट्टी आली की मी निघायचो. कोळशावरची मोटार अंबडपर्यंत, पुढे मिळेल ती बैलगाडी. मोटार चढावर थांबली की सगळ्यांनी उतरून ढकलायची.

वहिनी ठेंगणी, सावळी, बोलायला मोकळी. एकदा मीच धीर करून विचारलं, वहिनी, मास्तर माणूस वाईट नाही, मग असं का?

“वाईट कोण म्हणतं?” त्या म्हणाल्या. “मी म्हणलं, चुलीजवळ फळी लावा, वीतभर रुंद. झालं, त्यायनी पट्टी आणली आन् माझी वीत मोजली. म्हणले, तुझी वीत आठ इंच बी भरत न्हाई, माझी नऊच्या वर जाती, तर फळी कोणत्या वितीची? मी म्हणलं, कोणत्या बी वितीची लावा, डबे खाली ठेवून राह्यले. फळी लागली न्हाई. धुराला झरोका मागितला, चार बोटं. मंग बोटं मोजली. झरोका न्हाई झाला.” त्यांनी लोणच्याच्या बरणीला फडकं बांधलं. “घरात माझं एक बी माप चालत न्हाई, भाऊजी. मीठ किती टाकायचं तेवढं चालतं. तिथं कशाला राहायचं?”

मी हे परत जाऊन मास्तरांना सांगितलं. शब्दाला शब्द. ते रंधा मारत होते, त्यांनी हात थांबवला नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेत मला बाजूला घेऊन म्हणाले, “मामाची जागा इथंच मस्तगडात पडून हाय. मला देतो म्हणतो. घर बांधतो. पण आधी तिला दाखवतो.”

बांधायच्या आधी कसं दाखवणार, असं मी विचारलं. “छकडा दाखवतो तसा,” ते म्हणाले.

कुठल्याशा पडक्या दाराची एक सागवानी फळी त्यांनी मिळवली आणि आरेवाल्यांकडून तिचे पातळ पदर काढून घेतले. आरेवाल्यांच्या करवतीची जाडी त्यांनी आधी पट्टीनं मोजली आणि त्यावरून तिथं भांडणही झालं. मग घराच्या भिंती, दारं, खिडक्या, छपराच्या दोन उतरत्या बाजू, सगळे भाग फुटाला अर्धा इंच या मापानं कागदात कापले आणि त्या पदरांवर मांडायला सुरुवात केली. लाकूड एवढंच होतं. एक भिंत चुकली तर दुसरी मिळणार नव्हती. रोज संध्याकाळी मी जायचो तेव्हा ते कंदिलाजवळ कागद सरकवत बसलेले असायचे. एक गाठ नेमकी मागच्या भिंतीत येत होती, ती त्यांनी फिरवून फिरवून खिडकीच्या पोकळीत आणून बसवली, तेव्हा त्यांनी मला गुळाचा खडा दिला.

सगळे भाग खाचेत खाच बसणारे. खिळा नाही, सरस नाही. सुटे करून एका पेटीत रचले की पेटी हलवली तरी वाजत नसे. वहिनींनी ते जोडायचं, पाहायचं आणि जे नको असेल ते सरकवायचं. मधल्या भिंतींसाठी त्यांनी तळाच्या फळीत जास्तीच्या खाचा ठेवल्या होत्या. मला हे फार शहाणपणाचं वाटलं.

मी पेटी नेऊन दिली आणि वहिनींनी अंगणात बसून ते घर जोडलं. भावजय, शेजारणी, सगळ्या जमल्या. “खेळणं चांगलं हाय,” भावजय म्हणाली. वहिनींनी मधली भिंत उचलली आणि पुढच्या खाचेत बसवली. स्वैपाकघर मोठं झालं, मास्तरांची कामाची खोली लहान झाली. भिंत तशीच राहावी म्हणून त्यांनी ते घर अर्धवट सुटं केलं आणि मी ते मांडीवर धरून जालन्याला आणलं.

मास्तरांनी पाहिलं आणि मान हलवली. “इथं भिंत आली तर वरची तुळई अधांतरी राहती.” भिंत पुन्हा जुन्या खाचेत गेली. पेटी पुन्हा घनसावंगीला. वहिनींनी भिंत पुन्हा सरकवली. मास्तरांनी पुन्हा माघारी आणली. त्या जास्तीच्या खाचा मग कशाला ठेवल्या होत्या, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “मर्जी इचारावी ना माणसाची.” मला त्या वेळी त्यांचा खरोखर राग आला.

तिसऱ्या खेपेला वहिनींनी घर जोडलं, सगळीकडून पाहिलं आणि काहीच हलवलं नाही. सुटं करून पेटीत भरून माझ्यासमोर ठेवलं.

“त्यायच्या मनासारखं बांधू द्या,” त्या म्हणाल्या. “बिलकुल चांगलं हाय.”

याचा अर्थ मला कळला. मास्तरांचं घर होईल, बरोबर मापात होईल आणि त्यात मास्तर एकटे राहतील. मी पेटी काखेत मारली आणि गाडीकडे निघालो. जोखड चढवून झालं, तेवढ्यात वहिनी मागून आल्या. हातात लाकडाचा तुकडा होता.

“हे बी टाका पेटीत. दारापुढं ओटा पाहिजे म्हणावं. बसायला. येवढं जरी झालं तरी बघते येऊन.”

ती बाभळीची ढलपी होती. त्या सरपण फोडत असाव्यात, त्यातलीच एक. वीतभर लांब, चार बोटं रुंद, चांगली जाडजूड, एका अंगाला साल आणि एक कोपरा तिरका तुटलेला. मास्तरांच्या त्या गुळगुळीत घराशेजारी ती पेटीत ठेवायला मला लाज वाटली. ती मावलीही नाही. मी खिशात ठेवली.

जालन्याला पोचलो तो थेट त्यांच्या खोलीवर गेलो. झालेलं सगळं सांगितलं, “बघते येऊन” हेही सांगितलं आणि ढलपी पुढे केली. मास्तरांनी ती हातात घेतली. उजेडात धरली. तुटलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग खिशातून पट्टी काढून मोजली आणि फुटाला अर्धा इंच या हिशेबानं ओटा अठरा फूट लांब, सहा फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच भरला.

“अहो मास्तर,” मी म्हणालो, “ती नुसती खूण म्हणून दिलीय. ओटा पाहिजे, एवढंच. ते माप नाही.”

“माप हाय,” ते म्हणाले. “तिनं दिलंय.”

“हत्तीवर बसायला लागतो एवढा उंच ओटा.”

“मंग पायऱ्या करू.”

त्यांनी घराचे सगळे भाग जमिनीवर मांडले. जागा तेवढीच, आणि ओट्यानं पुढचे सहा फूट खाल्लेले. घर आखूड करणं आलं. नवं लाकूड मिळत नव्हतं, असलेल्या भिंतीच कापायच्या होत्या. ते पुन्हा कागदावर आले. कुठली भिंत कापली तर कुठला तुकडा उरतो, तो कुठं बसतो, रोज नवी मांडणी. मी सहा-सात संध्याकाळी ते पाहिलं. स्वैपाकघराला त्यांनी हात लावला नाही. उलट मधली भिंत वहिनींनी सरकवली होती त्या खाचेत नेऊन बसवली आणि अधांतरी राहणाऱ्या तुळईखाली एक खांब दिला. एवढंच करायचं होतं, तर आधी काय अडलं होतं, हे मी विचारलं नाही. कापलं ते सगळं कामाच्या खोलीतून. ती शेवटी एवढी अरुंद झाली की तिला खोली म्हणायचं धाडस फक्त मास्तरांनाच.

मग खरं घर सुरू झालं. गवंड्यानं ओट्याचा नमुना पाहिला आणि विचारलं की हा कोपरा मोडलाय, तो सरळ धरायचा ना? “जसा हाय तसा,” मास्तर म्हणाले. गवंडी म्हणाला, असा तिरका कोपरा कोणी बांधत नाही, दगड तासायला वेळ लागेल, लोक मला नावं ठेवतील. “ठेवू दे. मालकिणीचं माप हाय.” जाणारे-येणारे थांबून पाहत. कोणी विचारी, मास्तर, इथं जलसा भरवणार का? मास्तर सगळ्यांना तेच उत्तर द्यायचे. जन्मभर सगळ्यांना दोन बोटांवरून हैराण करणारा हा माणूस एका ढलपीपायी स्वतःचं हसं करून घेत होता आणि मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. वहिनी आल्या नाहीत तर हा भला मोठा ओटा घेऊन ते काय करणार होते?

वास्तुशांतीला वहिनी आल्या. भावानं गाडीत आणल्या. बरोबर लहानसं गाठोडं, एका दिवसाचं. भावानं बैल सोडले नाहीत, जोखडातच उभे ठेवले. “जेवणं झाली की निघू. रातपर्यंत अंबड गाठायचं,” तो मला म्हणाला. मास्तर दारात उभे होते. फूटपट्टी हातात, उघडत होते आणि मिटत होते.

वहिनी गाडीतून उतरल्या आणि ओट्यापाशी येऊन थांबल्या. मी शेजारीच होतो. त्या ओट्याच्या कडेकडेनं चालत गेल्या, त्या तिरक्या कोपऱ्याशी पोचल्या आणि त्यावर हात ठेवला.

“पायऱ्या लई उंच झाल्या,” त्या म्हणाल्या.

“ओटाच उंच हाय,” मास्तर दारातून म्हणाले.

“येवढा कोणी सांगितला?”

“तूच दिल्तं माप.”

वहिनींनी पदर खोचला. चारही पायऱ्या चढून वर गेल्या, ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरल्या आणि वरूनच भावाला म्हणाल्या, “दादा, बैल सोड. आन् माझी कपड्यांची पेटी पुढच्या खेपेला पाठव.”

मास्तर आत निघून गेले. पाहुणे यायला लागले तरी बाहेर आले नाहीत, तेव्हा मी पाहायला गेलो. ते त्या बोळासारख्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी तसाच परत आलो.

नंतर त्या घरी माझं जाणं-येणं वाढलं. चुलीजवळ फळी लागली होती. किती रुंद, असं मी विचारलं, तर मास्तर म्हणाले, “वीतभर.” कोणाची वीत, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. तिरक्या कोपऱ्यावर पोरांचे गुडघे फुटत, पण पावसाळ्यात गल्लीत पाणी भरलं की सगळी गल्ली आमच्या मास्तरांच्या ओट्यावर चढून बसायची. मास्तर आतून रंधा मारत. लांब फळी असली की तिचं एक टोक दारातून बाहेर येई आणि तिला ओलांडून जावं लागे.

निजामाचं राज्य गेलं, त्या हिवाळ्यातली गोष्ट. मी गावाकडून बऱ्याच दिवसांनी आलो होतो. वहिनी आणि मी उन्हात ओट्यावर बसलो होतो. वहिनी शेंगा फोडत होत्या. मी सहज त्या कोपऱ्याचं विचारलं. तो तिरका ठेवण्यात काय विचार होता त्यांचा?

वहिनींनी आत पाहिलं. रंध्याचा आवाज चालू होता. मग आवाज लहान केला.

“इचार कसला, भाऊजी? कुऱ्हाड निसटल्ती. हाताला जे आलं ते तुमाला दिल्तं. ओटा पाहिजे, येवढंच सांगायचं होतं.”

“मग त्या दिवशी काही बोलला नाहीत?”

“काय बोलू? गाडीतून उतरले आन् तो कोपरा बघितला. माझ्या सरपणाच्या तुकड्याला त्यायनी माप मानलं, मोडक्या कोपऱ्यासगट. जलमात पहिल्यांदा.” त्यांनी शेंगेची टरफलं पदरातून खाली टाकली. “त्यायला ठावं न्हाई. तुमी बी सांगू नका. त्यायला वाटतं मी मोजून दिल्तं.”

मी नाही सांगणार म्हणालो. पण कापलेल्या कडेवरून भोकरदनचं पोरगं ओळखणारा माणूस, त्यानं ती ढलपी उजेडात धरून कोपऱ्यावर अंगठा फिरवलेला मी पाहिला होता. कुऱ्हाडीची निसटलेली धार त्यांना ओळखू आली नसेल, हे मला काही पटत नाही. हे मी वहिनींनाही सांगितलं नाही.

आतला रंधा थांबला.

“काय बोलून राह्यले रे बाहेर?”

“काही न्हाई,” वहिनी म्हणाल्या. “ओट्याचं माप इचारत होते भाऊजी.”

“मंग? बराबर हाय ना?”

“बराबर हाय,” वहिनी म्हणाल्या, आणि रंधा पुन्हा सुरू झाला.